हिस्केच्या बाळाचं कार्ड

फेब्रुवारी अर्धा सरला होता आणि नीन्केच्या टेबलावर सतरा बाळं वाट बघत होती. जन्मलेलं अजून एकही नव्हतं, पण जन्माची बातमी देणारं प्रत्येकाचं कार्ड मात्र ठरायचं होतं. कुणाला बाळ चोचीत घेऊन येणारा करकोचा हवा, कुणाला करकोचा अजिबात नको, कुणाला चंद्र हवा पण "फार चंद्रासारखा नको." सातव्यांदा बदल सांगणाऱ्या एका बाईंनी सकाळीच कळवलं होतं, "सगळं छान झालंय, फक्त थोडं अजून उबदार करा." उबदार म्हणजे काय करायचं? कार्डाला स्वेटर घालायचा? नीन्के त्रेपन्न वर्षांची होती आणि बावीस वर्षं हेच करत होती. पूर्वी तिला थकवा संध्याकाळी यायचा. आता तो सकाळी अकराच्या कॉफीलाच येऊन शेजारी बसायचा.

तिचं काम तसं साधं, पण जबाबदारीचं. बाळाचं नाव जन्मापर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही इथली रीत. सख्ख्या आईला नाही, सासूला तर नाहीच नाही. आणि बाळ झालं की दोन दिवसांत घरोघर कार्ड पोचलं पाहिजे, हीसुद्धा रीतच. मग काय करणार? कार्ड आधी तयार करून ठेवायचं. पाकिटं आधी घरी न्यायची, जेवणाच्या टेबलावर बसून पत्ते लिहून ठेवायचे आणि बाळ झालं की बापाने छापखान्यात फोन करून तारीख, वेळ, वजन सांगायचं. त्यामुळे हार्लिंगन गावात कुणाच्या पोटातल्या बाळाचं नाव काय, हे देवाच्या खालोखाल नीन्केला ठाऊक. खरी नावं ती एका चोपडीत लिहायची. चोपडी खणात, खणाला कुलूप, किल्ली हिच्या गळ्यात. बाळ होईपर्यंत छापखान्यात कार्ड फिरायचं ते खोट्या नावाने. गिऱ्हाइकं येतात-जातात, बंदराचं गाव, जिभेला हाड कुणाच्याच नाही.

छापखाना फोल्कर्टचा. फोल्कर्ट सहासष्ट वर्षांचा, उंच, पाठीत थोडा वाकलेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. तसा गमत्या माणूस, पण कामात एकदम करडा. गेल्या चाळीस वर्षांत त्याने डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्या मशीनवर एक कागद चढला नव्हता. त्याची तपासायची तऱ्हाही त्याचीच. प्रूफ आधी उलटं करून दोरीला कपड्याच्या चिमट्याने टांगायचं. मग तिकडे पाठ फिरवून कॉफी प्यायची, एका कपाला एकच बिस्कीट. मग अचानक वळून बघायचं. "त्याला बेसावध पकडलं पाहिजे," तो म्हणायचा. "तयारीत असलं की सगळंच चांगलं दिसतं, माणूस काय आणि कार्ड काय." मग सात पावलं लांबून, डोळे किलकिले करून. मग भिंग. मग मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचत पहिल्यापर्यंत. एवढं झालं की कोपऱ्यात पेन्सिलीने सही. सही झाली की ते कार्ड झालं. मग राजाने सांगितलं तरी बदल नाही.

एकदाच, गेल्या पावसाळी शरद ऋतूत, फोल्कर्ट कंबर धरून घरी पडला होता तेव्हा नीन्केने एक कार्ड आपल्याच भरवशावर सोडलं. तीनदा वाचलं, चारदा वाचलं आणि सोडलं. फोन नंबरातला एक आकडा चुकला. एकतीस माणसांनी बाळाचं अभिनंदन केलं ते बंदरावरच्या एका मासेवाल्याचं. मासेवाला दहाव्या फोनपर्यंत गोड बोलला, पुढे शिव्या घालायला लागला. गावाला आठवडाभर हसायला झालं. नीन्के मात्र हसली नाही. तेव्हापासून तिचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला. दिवे-कुलपंसुद्धा ती दोनदा तपासायची.

तर अशा माणसांकडे जानेवारीच्या शेवटी हिस्के आली. हिस्के म्हणजे फोल्कर्टची एकुलती एक मुलगी. आठवा महिना सरत आलेला. बाप गुरुवारी कागद आणायला लेवार्डनला जातो, हे हेरून गुरुवारीच आली. अकरा वर्षांची असल्यापासून ती नीन्केला मावशी म्हणायची.

"मावशी, बाबा नाहीत ना?"

"नाहीत. बस. खुर्ची मागे घे, पोट टेबलाला लागतंय. केवढी झालीस गं!"

"सगळे तेच म्हणतात. मला काय आरसा नाही का घरी?" हिस्के कशीबशी बसली. "चोपडी काढ. नाव सिल."

नीन्केने लिहिलं. पेन थांबलं. "सिल. पुढे?"

"पुढे काही नाही."

"मधलं नाव?"

"मधलंही नाही. नुसतं सिल."

नीन्केने पेन खाली ठेवलं. मुलगा आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं, कारण फोल्कर्टनेच ते अख्ख्या गावाला सांगितलं होतं. आणि त्यांच्या घराण्यात एक आड एक चालत आलेलं. आजोबांचं नाव नातवाला. फोल्कर्टचा आजा फोल्कर्ट, त्या आज्याचा आजाही फोल्कर्ट. स्वतः त्याला मुलगी झाली, तिला त्याने आपल्या आईचं नाव ठेवलं. आता नातू. तोंडाने तो कधी काही मागायचा नाही. पण बेकरीत, चर्चच्या दाराशी, केशकर्तनालयात, "आमच्याकडे एक आड एक असतं बरं का," हे मात्र सांगून ठेवलेलं.

"कुणाचं गं हे नाव?"

"कुणाचंच नाही! तेच तर," हिस्के म्हणाली. "मी आजीचं नाव घेऊन वाढले मावशी. तेहेतीस वर्षं ऐकतेय, तुझी आजी असं बोलत नसे, तुझी आजी असं बसत नसे. थोरल्याचा कोट धाकट्याने घालावा, तसं झालंय माझं. बाह्या कायम लांब. माझ्या पोराला नवा कोट हवाय. येल्मरला पण हेच आवडलं."

"बाबांना सांग की मग."

"सांगणार आहे. बाळ त्यांच्या हातात दिल्यावर. आधी नाही." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आधी कळलं तर ते घरी बसतील फुगून. येणारच नाहीत बघायला. तू ओळखतेस त्यांना."

ओळखत होती. हिस्केने छापखाना चालवायला नाही म्हटलं तेव्हा हा माणूस लेकीशी चार महिने बोलला नव्हता. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं तोंडात मूग. चार महिने! वाढदिवसाच्या दिवशी केक पाठवला आणि स्वतः आला नाही. ती गोष्ट मिटली, पण हिस्केच्या मनातून गेली नाही. कशी जाईल?

"मग लेवार्डनला कुणाकडून तरी करून घे ना कार्ड. मला का मधे घालतेस?"

"आणि गावाला कळलं, फोल्कर्टच्या नातवाचं कार्ड परक्याने छापलं, तर? मरेपर्यंत ऐकवतील मला. कार्ड त्यांनीच छापायचंय मावशी. त्यांना डिझाइन बघू दे, तपासू दे, सही करू दे. फक्त नाव कळायला नको. बाकीच्यांचं करतेस तसंच कर."

बाकीच्यांचं करतेस तसंच. हे ऐकून नीन्केला बरंच वाटलं खरं. तिने हो म्हटलं. आता इकडे आड तिकडे विहीर झालं आहे हे तिच्या ध्यानात आलं ते हिस्के डुलत डुलत दाराबाहेर गेल्यावर.

पुढचे तीन आठवडे तिचे फार वाईट गेले. फोल्कर्ट काही विचारायचा नाही, हाच तर त्रास. विचारलं असतं तर फाडकन "सांगणार नाही" म्हणता आलं असतं. तो नुसता कॉफी घेऊन यायचा, खुर्ची ओढायचा आणि खिडकीकडे बघत म्हणायचा, "हिस्केचं कार्ड कुठवर आलं?"

"चाललंय."

"चालू दे. घाई नाही." मग घोटभर कॉफी. "मोठं नाव असलं की जागा जास्त लागते. पण तू करशील बरोबर."

"अहो, मी काही बोलणार नाहीये."

"मी कुठे काय विचारलं? मी जागेचं बोललो."

आणि हसायचा. नीन्के मान खाली घालून कामाला लागायची. बावीस वर्षं या माणसाच्या शेजारी बसून तिने काम केलेलं. तिचा नवरा सोडून गेला तेव्हा काही न बोलता त्याने आठवडाभर रोज दुपारी तिच्या टेबलावर वाटाण्याच्या सूपाचा डबा आणून ठेवला होता. अशा माणसाचा आनंद आपल्या खणात कुलूप लावून ठेवलेला, आणि तोही त्याला हवा तो आनंद नव्हेच. रात्री झोप येईना, दिवसा जांभया आवरेनात.

कार्ड मात्र चांगलं उतरलं. गावाबाहेर ओहोटीला उघडी पडते ती ओली वाळू, करडी. तिच्यावरून एक लहानसा पाणपक्षी चालत गेलाय, पक्षी दिसत नाही, नुसती पावलं. पावलं कार्डाच्या डाव्या कोपऱ्यातून निघतात आणि उजवीकडे जाऊन थांबतात. तिथे नाव. नाव तिने लहान अक्षरात घेतलं. नाजूक दिसेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

मंगळवारी हिस्केचा फोन आला. सुईण तपासून गेली होती, म्हणाली होती की आता कधीही. म्हणजे कार्ड आजच पक्कं व्हायला हवं. नीन्केने क्षणभर विचार केला, फोल्कर्टला न दाखवताच ठेवून द्यावं का? मग तिला मासेवाला आठवला. नको रे बाबा! परक्याच्या कार्डात चुकलं ते चुकलं, या कार्डात चुकून कसं चालेल? तिने प्रूफ काढलं. बाळाच्या नावाच्या जागी खोटं नाव घातलं, टिम. बाकी आईबापांची नावं, पत्ता, सगळं खरं. शेवटचं म्हणून एकदा बघितलं आणि ती उठली.

"फोल्कर्ट, हिस्केचं. तपासून द्या."

तो मशीनला तेल देत होता. हात पुसत पुसत, जरा जास्तच सावकाश आला. "नाव खोटं आहे ना यावर?"

"खोटंच."

"बरं." प्रूफ हातात घेताना त्याने मुद्दाम दुसरीकडे बघितलं, पाहुण्याच्या ताटात बघू नये तसं. उलटं धरून चिमट्याने टांगलं. पाठ फिरवली. कॉफी, एक बिस्कीट. आज त्याने बिस्कीट कॉफीत बुडवलं आणि ते मोडून आत पडलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

मग तो गर्रकन वळला.

"हं," म्हणाला. "मोकळं आहे. चांगलं आहे. हवा आहे त्यात." सात पावलं मागे गेला. डोळे बारीक केले. "पक्षी लंगडतोय."

"काय?"

"पाचवं पाऊल बघ. डावं पडायला हवं तिथे परत उजवं पडलंय. एका पायावर उडी मारली की काय त्याने?"

नीन्केने बघितलं. खरंच होतं. तीन आठवडे तिने ती पावलं पाहिली होती आणि तिला दिसलं नव्हतं. म्हणूनच तर या माणसाचे डोळे हवेत, ती मनात म्हणाली आणि खूप दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं. आता भिंग होईल, वाचून होईल, सही होईल, की सुटलो.

फोल्कर्टने प्रूफ सरळ करून टेबलावर पसरलं आणि भिंग लावलं. शेवटच्या शब्दापासून सुरुवात केली. पत्ता, फोन नंबर. एकेक आकडा बोटाने. येल्मर. हिस्के. तिथे जरासा थांबला, मग पुढे. भिंग पावलांवरून सरकत सरकत नावापाशी आलं आणि तिथेच राहिलं.

बराच वेळ राहिलं.

"काही चुकलंय का?" नीन्केने विचारलं.

त्याने भिंग जरा जवळ नेलं.

"टिम खोटं आहे हो. सांगितलं ना मी."

"ठाऊक आहे," फोल्कर्ट म्हणाला. भिंग त्याने हळूच खाली ठेवलं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

बावीस वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्याच महिन्यात, एका मुलीच्या कार्डावर तिने खोटं नाव म्हणून छोटंसं काहीतरी घातलं होतं. कार्ड तपासून झालं, सही झाली. मुलगी झाली आणि खरं नाव निघालं हे एवढं लांबलचक, पणजीचं. ते कार्डात मावेना, करकोच्याच्या चोचीवरून पलीकडे जायला लागलं. तेव्हा फोल्कर्टने तिला समोर बसवून सांगितलं होतं, "खोटं नाव घ्यायचं ते खऱ्याच्या मापाचं. अक्षरं तितकीच. नाहीतर आपण तपासलं ते भलतंच कार्ड." त्यानंतर तिने हा नियम एकदाही मोडला नव्हता. आता तर तो डोक्यात नव्हताच, हातात उतरला होता. खरं नाव चोपडीत बघायचं, तेवढंच खोटं कार्डावर बसवायचं. हाताने आपलं काम केलं होतं, आणि नियम शिकवणारा समोर बसला होता.

टिम, रोमन लिपीत तीन अक्षरं. फोल्कर्टला सात लागतात.

"फोल्कर्ट, मी..."

"थांब जरा."

तो उठला. मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि स्वच्छ असलेले हात परत धुतले. त्याची पाठ तिला दिसत होती. नीन्केला वाटलं, आता हा कोट चढवेल, सायकल काढेल आणि चार महिने दिसणार नाही. बाळ येईल, हिस्के दाराकडे बघत बसेल आणि हा येणार नाही. आणि हे सगळं कुणी केलं? मी. दमलेय, दमलेय म्हणत आंधळ्यासारखं काम केलं आणि लेकीने विश्वासाने दिलेलं बापाच्या हातात नेऊन ठेवलं. तिला रडूच यायला लागलं. या वयात, कामाच्या जागी, नाक लाल करून.

नळ बंद झाला.

"रडतेस कशाला?" फोल्कर्ट म्हणाला. "काम चोख केलंस. माझ्याच शिकवणीने माझाच गळा कापलास, एवढंच." तो हसला, पण हसू अर्ध्यातच थांबलं. खुर्चीवर बसताना त्याने टेबलाची कड धरली. "मधलं नाव तरी?"

तिने मान हलवली. नाही.

"बरं. बाकी सांगू नकोस. काय आहे ते मला तिच्या तोंडून ऐकू दे."

खिडकीबाहेर बेटावरून आलेल्या बोटीचा भोंगा वाजला. त्याने परत प्रूफ ओढलं. नीन्केला वाटलं, आता मुकाट्याने सही करेल. पण तो बघतच राहिला आणि त्याच्या कपाळावर आठी आली, ती रोजची कामातली आठी.

"हे नाव एवढं लहान का?"

"नाजूक दिसावं म्हणून."

"खोटं बोलू नकोस. एवढी मोकळी वाळू, एवढा चालत आलेला पक्षी आणि शेवटी काय, तर हे इवलंसं? सात पावलांवरून वाचताच येत नाही. ते लाजतंय, नीन्के. कुणाला बघून लाजतंय?"

उत्तर तिलाही आत्ताच कळलं होतं आणि तिचे कान तापले.

"माझ्यापासून लपवायचं ते चोपडीत लपवायचं," फोल्कर्ट म्हणाला. "कार्डावर नाही. पोराला जन्मभर वागवायचंय ते नाव. पहिल्याच दिवशी त्याला कोपऱ्यात उभं करतेस? मोठं कर."

ती संगणकाच्या पडद्यासमोर बसली. तो सात पावलं मागे जाऊन उभा राहिला. तिने नाव वाढवलं.

"अजून."

अजून वाढवलं.

"अजून. भिऊ नकोस."

"पावलांना लागेल हो."

"पावलं मागे घे. पक्षी थोडा कमी चालला तर काही बिघडत नाही." तो थांबला. मान कलती केली. "अजून एक टप्पा. हां. आता बघ, दारात येऊन उभा राहिलाय."

नीन्केला मान वर करवेना. सात अक्षरं मनात धरून बसलेला माणूस तीन अक्षरांना जागा करून देत होता आणि तीसुद्धा जराही हात आखडता न घेता. तिने पाचवं पाऊल नीट केलं, नवं प्रूफ काढलं. फोल्कर्टने ते परत उलटं टांगलं, परत पाठ फिरवली, परत भिंग लावलं. नियम म्हणजे नियम. मग कोपऱ्यात सही केली.

"हिस्केला यातलं काही सांगायचं नाही," तो म्हणाला.

"आणि तुम्ही तिथे काय करणार?"

"आश्चर्य वाटून घेईन."

"जमेल तुम्हाला?"

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'वा, काय सुंदर कल्पना' म्हणतोय. हेही जमेल." त्याने कोट चढवला. साडेतीनच वाजले होते. इतक्या लवकर तो कधी घरी जात नसे.

बुधवारी तो आला, काम केलं, कॉफी प्यायला, जागेविषयी काही बोलला नाही. गुरुवारी लेवार्डनला जाऊन कागद घेऊन आला. त्या कार्डासाठी त्याने वेगळा कागद आणला होता, जाड, किंचित खरखरीत, हाताला वाळूसारखा लागणारा. किंमत विचारली तर म्हणाला, "तुला काय करायचंय?"

शुक्रवारी सकाळी आठ वाजता येल्मरचा फोन आला. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मुलगा, तीन किलो चारशे, दोघंही सुखरूप. नीन्केने तारीख, वेळ, वजन घातलं, टिम काढून सिल घातलं. बरोबर बसलं. खऱ्याच्या मापाचंच होतं ते. फोल्कर्ट मात्र पडद्याकडे न बघता, केसांना पाणी लावून, सायकलवर टांग टाकून गेला.

अकराला हिस्केचा फोन आला. आवाज दमलेला आणि आनंदाने फाटलेला.

"मावशी! आले होते बाबा. आत्ताच गेले. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं गं! मी नाव सांगितलं तर म्हणाले, वा, वा, छान नाव. दोनदा म्हणाले. मी विचारलं, बाबा, तुम्हाला तुमचं हवं होतं का? तर म्हणतात, छे, त्या म्हाताऱ्याचं नाव कुणाला हवंय! मी उगाच घाबरले होते. उगाच तुला त्रास दिला."

"त्रास कसला त्यात," नीन्के म्हणाली. "झोप आता तू."

बाराच्या सुमारास फोल्कर्ट आला. हातात टोस्टचा डबा; मुलगा झाला की इथे वाटतात ते टोस्ट, वर बडीशेपेच्या निळ्या गोळ्या लावलेले, अर्ध्या गोळ्या वाटेत सांडलेल्या. डबा त्याने टेबलावर ठेवला आणि कोट न काढताच बसला.

"फोन आला होता तिचा," नीन्के म्हणाली. "तिला काही कळलं नाही. छान निभावलंत."

"हो."

"फार वाईट वाटलं का हो?"

"वाटलं. खोटं कशाला बोलू? मंगळवारी वाटलं, बुधवारी त्याहून जास्त वाटलं." त्याने एक टोस्ट उचलला आणि तसाच धरून ठेवला. "आज तोंड तयार करून गेलो होतो मी. पण नाव सांगताना ती माझ्याकडे बघतच नव्हती गं. येल्मरचा हात घट्ट धरून खाली चादरीकडे बघत होती. लहानपणी काही फोडलं, सांडलं, की अशीच बसायची. रात्रभर कळा सोसून पोर झालंय, अंगात त्राण नाही आणि बापाला नाव सांगायला घाबरतेय. मी वा, छान म्हटलं, तर ती हुंदके देऊन रडायलाच लागली. सुटल्यासारखी."

नीन्केने कॉफी गरम करायला ठेवली.

"नावाचं काय एवढं," फोल्कर्ट म्हणाला. "माझी पोर मला भिते, नीन्के. मला वाटायचं, मी नुसता बोलत नाही. एवढंच तर करतो, बोलत नाही. आणि ती नऊ महिने..." त्याने तोंड पुसलं, डोळे पुसले, टोस्ट डब्यात परत ठेवला.

नीन्केने त्याच्यासाठी कॉफी ओतली.

थोड्या वेळाने तो उठला. कोट काढून खुंटीला लावला, मशीनपाशी गेला आणि नवा कागद चळतीने सारखा करायला लागला.

"एकशे चाळीस ना?"

"एकशे चाळीस."

"पहिलं सुकलं की मला दे. मी परत जाऊन येतो."

"आत्ताच तर आलात! तिला झोपू द्या जरा. संध्याकाळी जा."

"दारात ठेवून येईन, झोपली असली तर," फोल्कर्ट म्हणाला. "तिला बघू दे, तिच्या बापाने तिच्या पोराचं नाव केवढं मोठं छापलंय ते."

नीन्केने मशीन चालू केलं.